रविवारी बंद असतं म्हणून एक स्टार? माझ्याकडून पाच

डोंबिवली पूर्वेला, स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर असलेल्या या भांड्यांच्या दुकानाचे रिव्ह्यू वाचत बसले होते. बरेच जण दुकानाबद्दल बोलतच नाहीयेत. रविवारी गेलो, शटर बंद, फेरी फुकट, आणि दिला एक स्टार. एकाने तर लिहिलंय की आजच्या जमान्यात रविवारी दुकान बंद ठेवणाऱ्याने धंदाच करू नये. ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. दुकानाबद्दल पण सांगते आणि त्या बंद शटरबद्दल पण, आणि दुसरं जरा लांबेल कारण तो माझ्या जिव्हाळ्याचा विषय आहे.

आधी दुकान. भाचीच्या लग्नाची सगळी भांडी आम्ही इथूनच घेतली. ताट-वाट्यांचा सेट, पोळ्यांचा डबा, मिसळणाचा डबा, झाकणासकट पातेली, मोठी परात, कुकर, तांब्याची कळशी, समई आणि रुखवतात मांडायला पितळेची भातुकली. स्टीलचा गेज चांगला आहे, पातेलं हातात घेतल्यावर कळतं, पत्रा पातळ असला की काठ बोटाने दाबला जातो तसं इथे होत नाही. तांबं-पितळ वजनावर मिळतं आणि काट्याचा आकडा गिऱ्हाईकाच्या बाजूला असतो, कुणी मधे उभं राहत नाही. घरची जुनी पितळी भांडी मोडीत द्यायची असतील तर भाव आधी सांगतात, वजन करतात आणि मग विचारतात की द्यायची आहेत का. आईने आजीचं घंगाळं आणलं होतं मोडीत घालायला, शेठनी ते उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाले, "वहिनी हे मोडू नका, असं जाड आता मिळत नाही, घासून घ्या, झाडं लावा नाहीतर त्यात, पण मोडू नका." विकत घ्यायला बसलेला माणूस असं सांगतो तेव्हा त्याच्याकडून चार वस्तू जास्त घ्याव्याशा वाटतात, आणि आम्ही घेतल्या.

नाव घालायची सोय दुकानातच आहे. दाराजवळ स्टुलावर एक मामा बसतात, मांडीवर जाड फडकं, त्यावर भांडं उपडं, हातात ते वायरवालं मशीन. आधी कागदावर लिहून मागतात, मग स्वतः मोठ्याने वाचून दाखवतात. भाचीच्या नावात वेलांटी पहिली की दुसरी हे त्यांनी मला विचारलं, मला खात्री नव्हती म्हणून तिला फोन लावायला सांगितला, आणि ती फोनवर सांगेपर्यंत मशीन बाजूला ठेवून थांबले, मागे दोन गिऱ्हाइकं उभी असताना. म्हणाले भांडं तिच्या नातवापर्यंत जाणार, घाई कशाला. मग टिंबाटिंबांनी अक्षर उमटत जातं तो आवाज दातात जातो पण बघायला मजा येते. तारीख कळशीच्या गळ्याखाली अशी घातली की घासताना झिजणार नाही.

कमतरता पण सांगते. दुकान अरुंद आहे, दोन बायका समोरासमोर आल्या की एकीला मागे सरकावं लागतं. मोठा माल पोटमाळ्यावर असतो आणि जिना अगदी उभा आहे, वयस्कर माणसाने वर जाऊ नये, खाली आणून द्या म्हटलं की देतात. नॉनस्टिकमधे फारशी व्हरायटी नाही. मिक्सर-बिक्सर ऑनलाइन स्वस्त पडतो, ते शेठ स्वतःच सांगतात. गाडी लावायला जागा नाही, पण डोंबिवलीत स्टेशनजवळ ती कुणाकडे आहे.

आता रविवार.

दारावर पाटी आहे, दर रविवारी दुकान बंद, शुक्रवारी-शनिवारी रात्री दहापर्यंत चालू. म्हणजे दुकान उघडं असताना एकदा गेलात तरी माहिती तिथेच लिहिलेली आहे, आणि फोन केला तर ते सांगतात पण. पण मुद्दा तो नाही. मुद्दा असा की लोकांना वाटतं मालक आळशी आहे किंवा हट्टी आहे. मी शेठना विचारलं होतं, अहो रविवारी तर सगळ्यात जास्त धंदा होत असेल तुमच्या लाइनमधे. म्हणाले हो होईल, माहितीये मला, पण दुकानात सहा माणसं आहेत, सगळ्यांची पोरं शाळेत जाणारी, मी त्यांना बुधवारी सुट्टी देऊन काय करू.

हे वाक्य मला किती लागलं ते सांगायचं तर माझ्या वडिलांबद्दल सांगावं लागेल. बाबा दादरला कापडाच्या दुकानात सेल्समन होते, आयुष्यभर. दादरचा बाजार सोमवारी बंद, म्हणून त्यांची सुट्टी सोमवारी. रविवार हा त्यांचा सगळ्यात मोठा दिवस, गर्दी म्हणजे गर्दी, उभ्याने साड्या उलगडायच्या आणि घड्या घालायच्या, रात्री पाय सुजलेले असायचे. आमच्या घरात रविवारी मटण. आणि सोमवारी आईचा उपास, शंकराचा वार, घरात अंडं पण शिजायचं नाही. म्हणजे ज्या दिवशी बाबा घरी, त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी नाहीतर वरण-भात, आणि ज्या दिवशी मटण त्या दिवशी ते गिऱ्हाइकांना पदर दाखवत उभे. आई त्यांचा वाटा वेगळा काढून ठेवायची, रात्री साडेदहाला गरम करून द्यायची, तोवर आम्ही दोघं भावंडं झोपलेली. नळीचं हाड मात्र ते खायचे नाहीत, सकाळी आमच्यासाठी ठेवायचे, आणि सकाळी सोमवार असायचा म्हणून आई ते काढू द्यायची नाही. यावरून घरात दर आठवड्याला कुरकुर.

सोमवारचे फायदे पण होते, ते नाकारत नाही. बँक उघडी, लाइट बिलाच्या रांगेत गर्दी कमी, रेशनचं काम व्हायचं, आमच्या शाळेची फी भरायला तेच यायचे. पण म्हणजे सुट्टीचा दिवस कामं उरकण्यात जायचा आणि दुपारी घर रिकामं. आम्ही शाळेत, आई शिवणाच्या क्लासला. बाबा रेडिओ लावून एकटे बसलेले असायचे. आम्ही चार-पाचला घरी आलो की आमचा अभ्यास, क्लास, खेळ. बारसं, साखरपुडा, सत्यनारायण, सोसायटीची मीटिंग, चाळीतली क्रिकेटची मॅच, सगळं रविवारी. नातेवाईक विचारायचे, "यांना नाही आणलं का?" आणि आईचं उत्तर ठरलेलं.

सुट्टी मिळत होतीच की त्यांना, आठवड्यातून एक दिवस पूर्ण, नियमाप्रमाणे. कमी काही दिलं नव्हतं मालकाने. तरी आम्हाला वडील कमी मिळाले. कारण सुट्टी एका माणसाला मिळून भागत नाही, ती घराला एकदम मिळावी लागते. हे मला या सगळ्या वादात कुणी बोलताना दिसत नाही. सगळे बोलतात तासांबद्दल, पगाराबद्दल, ओव्हरटाइमबद्दल. वार कुठला याबद्दल कुणी बोलत नाही.

आणि महाराष्ट्रात तरी हे आपण विसरायला नको होतं. रविवारची सुट्टी आपल्याला आयती मिळालेली नाही. मुंबईच्या गिरण्यांमधे आठवड्याची सुट्टीच नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी, सत्यशोधक, ज्योतिराव फुल्यांचे सहकारी, दीनबंधू पत्र चालवायचे, त्यांनी १८८४ मधे मुंबईत गिरणी कामगारांची सभा भरवली, साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन दिलं. मागण्या काय होत्या बघा, रविवारी सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच काम, पगार पंधरा तारखेच्या आत. रविवार का, तर तो खंडोबाचा वार, आपल्या माणसांचा देवाचा दिवस. म्हणजे साहेब चर्चमधे जातो म्हणून आम्हालाही द्या एवढंच नव्हतं ते, आमचा पण हा दिवस आहे असं सांगितलं होतं. सहा वर्षं लावून धरल्यावर १० जून १८९० ला मालकांनी ती मान्य केली. सगळ्या गिरण्यांना एकच वार, त्यामुळे आख्खी चाळ एकदम घरी. त्यातून पुढे गिरणगावात भजनी मंडळं, नाटकं, तालमी कशा फुलल्या ते सगळ्यांना माहीत आहे, त्याला वेळ लागतो आणि तो सगळ्यांचा एकाच वेळी लागतो.

दुकानांतल्या माणसांना मात्र रविवार कधी नीट मिळालाच नाही. १९४८ च्या जुन्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात आठवड्यातून एक दिवस दुकान बंद ठेवायची सक्ती होती, म्हणून दादर सोमवारी बंद, मंगळदास मार्केट रविवारी बंद, असे बाजाराप्रमाणे वार ठरले. मग २०१७ चा नवा कायदा आला, १९ डिसेंबर २०१७ पासून लागू झाला, आणि दुकानं वर्षाचे ३६५ दिवस चालू ठेवायला परवानगी मिळाली. कामगाराला आठवड्यात सलग २४ तास सुट्टी द्यायची, पण दुकान बंद ठेवायची गरज नाही. कागदावर चांगलंच वाटतं. प्रत्यक्षात काय झालं, पूर्वी बाबांच्या वेळी निदान सगळ्या बाजाराची सुट्टी एकदम असायची, सोमवारी त्यांचे चार मित्र पण मोकळे असायचे, ते मिळून कधीतरी कुठेतरी जाऊन यायचे. आता रोटेशन. एकाच काउंटरवरच्या दोघांची सुट्टी एका दिवशी येत नाही. आणि २०१७ मधे हा कायदा पूर्णपणे लागू झाला तो दहा किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी, त्याहून लहान दुकानदाराने फक्त धंदा सुरू केल्याची सूचना द्यायची होती. सप्टेंबर २०२५ मधे मंत्रिमंडळाने ही मर्यादा २० कामगारांवर न्यायला आणि रोजचे तास ९ चे १० करायला मंजुरी दिली. मी या दुकानाचं एवढं कौतुक का करतेय ते यावरून कळेल, इथे सहाच माणसं आहेत, शेठना कुणी विचारायला येणार नाही, तरी ते सगळ्यांना रविवार देतात, पगारी.

माझ्या मावसबहिणीचा मुलगा एका मॉलमधे कपड्यांच्या शोरूमला आहे. नोकरीला घेतानाच सांगितलं, शनिवार-रविवार आणि सणाला सुट्टी मागायची नाही. त्याची बायको बालवाडीत शिकवते, तिची सुट्टी रविवारी. याची सुट्टी कधी मंगळवार कधी गुरुवार, आदल्या आठवड्यात व्हॉट्सअ‍ॅपवर कळते. मुलगी तीन वर्षांची. दोघं मिळून तिला सांभाळतात पण दोघं मिळून म्हणजे आळीपाळीने, एक आला की दुसरा निघतो. नवरा-बायको दोघांनी मुलीला घेऊन बागेत जायचं तर कुणाला तरी खोटं आजारी पडावं लागतं. भांडणं होतात, आणि ती पण फोनवर होतात कारण समोरासमोर भांडायला पण वेळ एकत्र नाही. बहीण म्हणते पगार बरा आहे, सोडून कसं चालेल. खरंय.

आणि बायकांचं अजून वेगळं. दुकानांमधे, शोरूममधे आता किती बायका काम करतात. बाकीच्या दिवशी मुलं निदान शाळेत असतात. रविवारी शाळा नाही, पाळणाघर बंद, आई कामावर. मग मोठी बहीण धाकट्याला सांभाळते, नाहीतर शेजारच्या काकूंच्या जिवावर. या भांड्यांच्या दुकानात पॅकिंगला जी ताई आहे ती टिटवाळ्याहून येते. पूर्वी दुसरीकडे होती, तिथे रविवारी यावं लागायचं, आणि रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक. गाड्या कमी, त्या पण उशिरा, उशिरा पोचलं की अर्धा दिवस कापला. जे लोक रविवारी खरेदीला बाहेर पडतात आणि ब्लॉकला शिव्या देतात त्यांनी कधी विचार केलाय का की काउंटरमागची मुलगी त्याच ब्लॉकमधून आलीये, आणि रात्री परत जाणार आहे.

आता दुसरी बाजू, कारण ती पण माझीच आहे. मी स्वतः नोकरी करते, नवरा पण, सकाळी साडेसातची लोकल, घरी यायला आठ. आम्हाला खरेदीला रविवारच मिळतो हे मला कुणी सांगायला नको. सासूबाईंना घेऊन जायचं, मुलांची मापं बघायची, सगळ्यांनी मिळून काहीतरी पसंत करायचं, ही पण एक कौटुंबिक गोष्टच आहे. लग्नाची खरेदी चार माणसं एकत्र असल्याशिवाय होत नाही. म्हणून सरसकट सगळं बंद करा असं मी म्हणणार नाही. दूध, औषधं, भाजी, रिक्षा, वडापावची गाडी, हे लागतंच. आणि छोटा दुकानदार जो स्वतः आणि बायको मिळून दुकान चालवतो, त्याने रविवारी उघडायचं की नाही हे त्याला ठरवू दे, समोर मॉल बाराही महिने उघडा असताना त्याला बंद ठेवायला सांगणं म्हणजे त्याचं पोट मारणं.

पण कुकर सोमवारी पण मिळतो. साडी शनिवारी रात्री नऊला पण घेता येते, दुकान उघडं असेल तर. या दुकानाने तेच केलंय आणि मला वाटतं हाच मार्ग आहे. शुक्रवार-शनिवार दहापर्यंत चालू, त्यामुळे ऑफिसवरून थेट जाता येतं. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवतात, किंमत सांगतात, चार वस्तू बाजूला काढून ठेवतात, तुम्ही जाऊन फक्त हात लावून बघायचं. आम्ही भाचीची अर्धी यादी अशीच घरी बसून केली, शनिवारी रात्री सगळे गेलो, तासाभरात झालं, आणि रविवार मोकळा मिळाला. आम्हालाही. हे माझ्या नवऱ्याच्या लक्षात आलं, की रविवारी दुकान बंद असल्यामुळे आपला पण रविवार वाचला.

माझी नणंद जर्मनीत असते, श्टुटगार्टजवळ. तिथे रविवारी दुकानं बंदच, थोडेफार अपवाद, स्टेशनवरची दुकानं, सकाळी काही तास बेकऱ्या, ड्युटीवर असलेलं एखादं औषधाचं दुकान, आणि वर्षातून मोजके रविवार परवानगीने उघडतात. हे १९१९ च्या त्यांच्या राज्यघटनेत लिहिलेलं होतं आणि आताच्या घटनेत तसंच पुढे घेतलंय, रविवार हा विश्रांतीचा दिवस म्हणून. ती म्हणते पहिले काही महिने फार चिडचिड झाली, घरात दूध नाही आणि रविवार. नंतर शनिवारी आठवणीने भरून ठेवायची सवय लागली. काचेच्या बाटल्या कचराकुंडीत टाकायला पण रविवारी मनाई, आवाज होतो म्हणून! आपल्याकडे एवढं जमणार नाही आणि जमवू पण नये, आपले वार वेगळे, देव वेगळे, मुसलमान दुकानदाराला शुक्रवार महत्त्वाचा. पण शाळा ज्या दिवशी बंद तो दिवस सगळ्यांच्या घरी एकच आहे, निदान महिन्यातून दोन रविवार तरी प्रत्येक सेल्समनला आळीपाळीने मिळावेत एवढं कायद्यात यायला काय हरकत आहे? मोठ्या शोरूमला माणसं भरपूर असतात, त्यांना तर सहज जमेल. गिऱ्हाईक म्हणून आपण पण विचारू शकतो, मी हल्ली विचारते, बिल करताना, तुम्हाला रविवार मिळतो का हो कधी. मॅनेजर जरा चपापतात पण विचारावं.

शेठ पण अगदीच कडक नाहीत. दिवाळीच्या आधीचा रविवार दुकान उघडं असतं, धनत्रयोदशीला भांडं घ्यायला झुंबड असते, तेव्हा दुप्पट पगार देतात आणि भाऊबीज झाल्यावर जोडून सुट्टी. सुट्टीच्या दिवशी काम केलं तर दुप्पट पगार देणारे मी एवढ्या लहान दुकानात फार पाहिलेले नाहीत. नाव घालणारे मामा सांगत होते, आधीच्या दुकानात मंगळवारी सुट्टी असायची तेव्हा घरी जाऊन नुसते झोपायचे, कारण घरात कुणी नसायचंच. आता रविवारी धाकट्या मुलीला घेऊन कल्याणच्या खाडीवर जातात, तिला मासे बघायला आवडतात. सांगताना मशीन बंद केलं होतं त्यांनी.

तर पाच स्टार. मालासाठी चार देता आले असते, नॉनस्टिक आणि जिन्यामुळे. पाचवा त्या पाटीसाठी.

दुकानाला दोन विनंत्या. ती पाटी खूप लहान आहे आणि शटर खाली असताना आत राहते, बाहेरून मोठ्या अक्षरात लावा म्हणजे लोकांची फेरी वाचेल आणि एक स्टारवाले कमी होतील. आणि ऑनलाइन जिथे वेळ दिसते तिथे रविवार उघडं असंच दाखवतंय अजून, ते कुणाकडून तरी बदलून घ्या.

जाणाऱ्यांसाठी, शनिवारी संध्याकाळी सात ते नऊ फार गर्दी असते, शुक्रवारी जा. संक्रांतीच्या वाणासाठी वाट्या किंवा छोटे डबे घाऊक हवे असतील तर डिसेंबरमधेच ऑर्डर द्या, नाव घालून हवे असतील तर अजून आधी, मामा एकटेच आहेत आणि ते घाई करत नाहीत.